नोकरी सांभाळून किरायाच्या खोल्या वाढवाव्यात का?

भाऊ, तुमच्या दोन खोल्या किरायाने गेल्यात, नोकरी पूर्णवेळ आहे, आणि कर्ज काढून अजून चार बांधू का, असं तुम्ही विचारलंय.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या एका गावात राहतो, शाळेत शिकवतो. नऊ वर्षांत दोनाच्या सात खोल्या झाल्या, म्हणजे जमतं. पण वर्षाची कमाई काढताना तुम्ही महिन्याच्या किरायाला १२ नं गुणलंय, ते चुकतंय, खोल्या मधेमधे रिकाम्या राहतात. १० नं गुणा. आमच्याकडचे किरायदार बहुतेक कोळसा खाणीवरच्या ठेकेदारांची माणसं. एका वर्षी एका ठेकेदाराचं काम संपलं आणि आठवड्याभरात पाचातल्या चार खोल्यांना कुलूप लागलं. पाच महिने हप्ता पगारातून गेला. आता एकाच कामावरची माणसं निम्म्यापेक्षा जास्त ठेवत नाही. एखादी नर्स किंवा बँकेतला पोरगा आला तर दोनशे रुपये कमी घेतो, पण त्याला सोडत नाही.

बांधायचंच असेल तर पैसा पायात घाला, टाइल्समध्ये नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची भिंत तिच्यासोबत हलते. मिस्त्री म्हणेल, तीन फूट पुरे. त्याचं ऐकू नका. मुरूम लागेपर्यंत खाली जा, खड्डा मुरमानंच भरा, उकरलेली काळी माती परत ढकलू देऊ नका. प्लिंथ बीम, म्हणजे पायावर भिंतींखालून फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा, हवाच. मोरीचं पाणी पायाजवळ मुरता कामा नये, नाहीतर एकच कोपरा फुगतो आणि भिंत तिरपी चिरते. माझ्या पहिल्या दोन खोल्यांत मी हे काहीच केलं नव्हतं. आजही दर श्रावणात तास चालू असताना फोन येतो, ‘सर, दार लागून नाही राहिलं.’

मीटर प्रत्येक खोलीला वेगळं घ्या. एका मीटरवर सबमीटर लावून चालवलं तर सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि बिल वरच्या टप्प्याच्या दरात जातं. एप्रिल-मेमध्ये खोलीखोलीत कूलर चालतो, मग कोणाचे किती यावरून जी भांडणं होतात ती मी दोन उन्हाळे सोडवलीत. शाळेतली पोरं बरी.

करार. ‘११ महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, स्टॅम्पवर नोटरी केली की झालं’ असं सगळे सांगतात. आपल्या राज्यात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर वादात किरायदार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. खोट्या आहेत हे तुम्ही सिद्ध करत बसायचं. नोंदणी आता ऑनलाइन होते, लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याच्या कराराचं, मुद्रांक शुल्कही फार नाही. किरायदाराची माहिती पोलीस ठाण्यात देऊन ठेवा.

नोकरी सरकारी असेल तर मालमत्ता घेताना खात्याच्या नियमाप्रमाणे कळवा. आयकरात किरायातून भरलेला घरटॅक्स वजा होतो, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के सूट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या जपायची गरज नाही.

आता सांभाळण्याचं. खरं सांगतो, दिवसा ते मी सांभाळत नाही, बायको सांभाळते. नळाची तोटी, चावी हरवली, नवा माणूस खोली बघायला आला, सगळं तिच्याकडे. म्हणून दोन खोल्यांचा किराया तिच्याच खात्यात जातो. माझ्या वाट्याला रविवार. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरचे नंबर किरायदारांना देऊन ठेवलेत. पाचशेपर्यंतचं काम त्यांनी करून घ्यायचं, पावतीचा फोटो पाठवायचा, किरायातून कापायचं. कोणी शंभर-दीडशे वर लावत असेल, लावू दे. तुमच्या घरी दिवसा कोण असतं? कोणीच नसेल तर चार खोल्या फार होतील.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा दोनच बांधल्या असत्या, पाया मात्र वरच्या मजल्याच्या हिशेबानं घेतला असता. पुढच्या दोन या चारींच्या किरायातून, कर्ज न काढता.

आणि बोअरला मे महिन्यात पाणी राहतं का, ते तुम्ही लिहिलंच नाही. राहत नसेल तर बांधकामाचं नंतर बघू.