मधे विमान बदलायचंय, व्हिसा लागेल का? वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं निघायला लागली की आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं एकाच विषयावरची असतात. मधे अमुक ठिकाणी उतरतोय, तिथला व्हिसा लागतो का? त्यातली काही या वेळी घेतलीत. उत्तरं भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आहेत, घरात कुणाचा अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर त्या माणसाचा हिशोब वेगळा.

प्रश्न : लेक डॅलसला असते, तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं चाललोय. मुंबई-लंडन-डॅलस तिकीट आहे, लंडनला पाच तास थांबायचंय. अमेरिकेचा व्हिसा आहे. सोसायटीतले एकजण म्हणतात पाच तासांना कसला व्हिसा, दुसरे म्हणतात यूकेचा काढाच. कुणाचं ऐकायचं? (कोथरूड)

दोघांचंही नको. ब्रिटन आपल्याला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा मागतं, विमानतळाच्या बाहेर पाऊल न टाकता, त्यामुळे पहिल्यांचं चूक. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर त्यातून सूट आहे, म्हणजे दुसऱ्यांचंही चूक. आणि हे तास मोजणं आधी बंद करा बघू. प्रश्न पाच तासांचा की पंधरा तासांचा नसतो, मधल्या देशाच्या इमिग्रेशनच्या काउंटरपलीकडे तुम्हाला जावं लागतंय का, हा असतो. तुमचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर बॅगा मुंबईतून थेट डॅलसला जातील आणि तुम्ही लंडनला आतल्या आत, गरज पडली तर एका टर्मिनलहून दुसऱ्याला जाणाऱ्या बसने, पुढच्या गेटवर जाल.

मुंबईत चेक-इनला बॅगेला तो लांब कागदी पट्टा लावतात ना, तो लावताना जरा वाकून बघा, मोठ्या अक्षरांत डीएफडब्ल्यू, म्हणजे डॅलस विमानतळाचा कोड, पाहिजे. तिथे एलएचआर, म्हणजे लंडनच्या हीथ्रोचा कोड, दिसलं तर बॅग लंडनलाच उतरणार, मग ती घ्यायला इमिग्रेशनमधून बाहेर आलात आणि सगळं गणित बदललं. म्हणजे अगदीच अडकाल असं नाही, अमेरिकेला जाणाऱ्याला तिथला व्हिसा असेल आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशीच्या रात्री बाराच्या आत असेल तर बाहेर सोडतात, पण सोडायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो, तो तुमचा हक्क नाही. त्यामुळे पट्टा चिकटवायच्या आधीच काउंटरवर तोंड उघडून विचारा, लाजायचं काय त्यात.

डिंकाचे लाडू नेणार असालच. अमेरिकेत कस्टम्सवाल्याने खाण्याचं काही आहे का विचारलं तर हो म्हणून मोकळं व्हा, लपवलं की दंड. ताजी फळं, कढीपत्ता, बिया असलं काही मात्र नेऊ नका.

प्रश्न : मुलाला टोरंटोला ॲडमिशन मिळालीय, कॅनडाचा व्हिसा आलाय. न्यूयॉर्कमार्गे तिकीट बरंच स्वस्त पडतंय, फक्त दोन तासांचा स्टॉप आहे. घेऊ का? (वारजे)

अमेरिकेचा व्हिसा नसेल तर अजिबात घेऊ नका. अमेरिकेत आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही, उतरलेला प्रत्येक माणूस इमिग्रेशनसमोर उभा राहतो, बॅगा घेतो, कस्टम्समधून जातो आणि मग पुढच्या विमानाला पुन्हा देतो. दोन तास असोत नाहीतर चाळीस मिनिटं, व्हिसा लागणारच. सी-वन नावाचा ट्रान्झिट, म्हणजे तिथून नुसतं पुढे जाण्यापुरता व्हिसा असतो, पण त्यालाही अर्ज, फी आणि मुलाखतीचं सगळं तसंच करायचं असतं, मग माणूस बी-वन बी-टू, म्हणजे नेहमीचा फिरायला-भेटायला जायचा व्हिसाच काढेल ना. वाचलेले पैसे त्यातच जातील. लंडनमार्गे बघा, वर सांगितलेली सूट कॅनडाच्या व्हिसावरही मिळते.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी साओ पाउलोला जायचंय, ब्राझीलचा व्हिसा आहे. मुंबई-फ्रँकफर्ट-माद्रिद-साओ पाउलो असं तिकीट मिळतंय. एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा काढला की पुरेल? (हिंजवडी)

नाही पुरणार, आणि हा घोळ आयटीवाल्यांच्या तिकिटांत हमखास होतो कारण बुकिंगच्या साइटवर सगळ्यात स्वस्त असेल ते पहिलं दिसतं. फ्रँकफर्ट आणि माद्रिद दोन्ही शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात. फ्रँकफर्टहून माद्रिदला जाणं म्हणजे पुण्याहून नागपूरला जाण्यासारखं, देशांतर्गतच समजा, तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होणार आणि तुम्ही युरोपात शिरलात. त्याला साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे सी टाइपवाला लागतो. ए टाइपचा ट्रान्झिट व्हिसा एकाच विमानतळाच्या आतल्या भागापुरता असतो, तो इथे कामाचाच नाही. शेंगेनमधे एकच थांबा असलेलं तिकीट शोधा, आणि तेही घ्यायच्या आधी त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम बघा, कारण भारतीयांना तो व्हिसा मागायचा की नाही हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो आणि मधेच बदलतोही. नाहीतर सरळ दोहा किंवा दुबईमार्गे जा, तिथे आतल्या आत बदलायला काही लागत नाही.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टँप संपलाय पण आय-७९७ वर मुदतवाढ आहे. माझ्या लग्नाला येतोय, युरोपमार्गे आला तर चालेल? (सिंहगड रोड)

आधी अभिनंदन. आता भावाला सांगा की आय-७९७ हा अमेरिकेत राहायचा आणि काम करायचा कागद आहे, तो व्हिसा नाही. वरच्या उत्तरांतल्या सगळ्या सवलती चालू व्हिसावर आहेत. संपलेला स्टँप घेऊन लंडन किंवा युरोपचं तिकीट काढलं तर तिकडच्या चेक-इन काउंटरवरच अडवू शकतात, नियम समजावून सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो, मागे रांग असते आणि विमान सुटायला तास उरलेला असतो. लग्नाच्या तोंडावर ही भानगड नकोच. थेट मुंबईचं विमान किंवा आखातातून. शिवाय परत जायला त्याला नवा स्टँप लागणार, त्याची अपॉइंटमेंट हातात असल्याशिवाय तिकडून हलूच नको म्हणावं, हळदीपेक्षा ती महत्त्वाची.

प्रश्न : मेलबर्नला मुलाकडे जाताना सिंगापूरला दोन दिवस थांबावं म्हणतोय. वेगळा व्हिसा काढावा लागेल? आणि पुढच्या वर्षी दुबईतही असंच करता येईल का? (सहकारनगर)

सिंगापूरला बहुतेक लागणार नाही. ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबायची सवलत आहे. अट एवढीच की तुम्ही खरोखर तिसऱ्या देशात चाललेले असायला हवेत, पुणे-सिंगापूर-पुणे याला ट्रान्झिट म्हणत नाहीत. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ईमेलने येतो, त्याचं पत्र छापून जवळ ठेवा, मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येणाऱ्यांचा फॉर्म, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. आत सोडायचं की नाही हा शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचाच.

दुबईत ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आणि ९६ तासांचा ५० दिरहमला मिळतो, पण तो तिथल्याच विमान कंपनीमार्फत आणि निघायच्या आधी काढायचा. एक बघा मात्र, स्वस्तातल्या तिकिटांत कधीकधी उतरायचं शारजाला आणि पुढचं विमान दुबईहून असतं, तसं असेल तर फिरायचं नसलं तरी व्हिसा हवाच, मधे रस्ता आहे.

प्रश्न : आमचा एजंट म्हणतो काही लागत नाही, मी बघतो. विश्वास ठेवावा का? (चिंचवड)

एजंट चांगलाच असेल, पण चेक-इनला तो तुमच्याबरोबर नसतो. तिथला कर्मचारी तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग टिमॅटिक नावाच्या सिस्टिममधे तपासतो आणि त्यात नाही आलं की नाही, कारण चुकीचा माणूस नेला तर दंड कंपनीला बसतो आणि परतही त्यांनाच आणावं लागतं. तेव्हा पीएनआर घेऊन विमान कंपनीलाच ईमेल करा, पासपोर्ट भारतीय, अमुक व्हिसा, अमुक तारखेपर्यंत, बॅगा थेट जाणार का, सगळं एकाच ईमेलमधे. उत्तर आलं की प्रिंट काढा. हे सगळं तिकिटाचे पैसे परत मिळायची मुदत संपायच्या आत करा, नंतर एजंटशी भांडून काही निघत नाही.