स्नोबोर्डच्या बेसवरचे ओरखडे आणि खोल खाच घरी दुरुस्त करता येते का?

तुम्ही लिहिलंय की बर्फाखाली लपलेल्या खडकावरून बोर्ड घासत गेला, बेसवर, म्हणजे बोर्डच्या बर्फाला टेकणाऱ्या खालच्या बाजूवर, बरेच बारीक ओरखडे उठले आणि मागच्या बाइंडिंगखाली (बूट बोर्डला अडकवायच्या पकडीखाली) एक बोटभर लांब खाच पडली. दुकानात न नेता हे घरी भरता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. बहुतेक येईल. पण पी-टेक्सची कांडी (पेटवून खाचेत थेंब पाडायची पॉलिएथिलीन प्लास्टिकची कांडी) पेटवण्याआधी चांगल्या उजेडात त्या खाचेच्या बुडाशी नीट बघा. आत काय दिसतंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

बेस म्हणजे पॉलिएथिलीनचा जेमतेम दीड मिलिमीटरचा थर. खाचेच्या आतही तोच गुळगुळीत प्लास्टिकचा पदार्थ दिसत असेल तर काम सोपं आहे. लाकडाचे रेषे, फायबरग्लासची विण किंवा कडेची स्टीलची पट्टी उघडी पडली असेल तर नुसती कांडी वितळवून उपयोग नाही. पॉलिएथिलीन या कशालाच धरत नाही. भरलेलं प्लास्टिक दोन-चार उतारांत तुकडा होऊन निघून जातं.

आधी बारीक ओरखड्यांचं. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर तो ओरखडा विसरून जा, वॅक्स केलं (बेसवर इस्त्रीने मेण वितळवून चढवलं) की पुरे. लांबीच्या दिशेने गेलेले ओरखडे फारसा त्रास देत नाहीत, आडवे मात्र वेग खातात. त्यातही ओरखड्यापेक्षा त्याच्या काठाला उभे राहिलेले प्लास्टिकचे केस जास्त अडवतात. धारदार स्टीलचा स्क्रेपर (खरवडायची पट्टी) हलक्या हाताने फिरवून ते काढून टाका. सगळे ओरखडे नाहीसे करायच्या हट्टाने अख्खा बेस घासू नका. जो थर घासून गेला तो परत येत नाही.

आता खाच. बोर्ड काही तास खोलीत ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाइंडिंग काढा आणि बोर्ड बेस वर करून पक्का टेकवा. लोंबणारे तुकडे धारदार चाकूने कापा. मग पितळी ब्रशने खाच घासून बेस क्लीनरने पुसा. ही पायरी लोक उरकून टाकतात आणि नंतर भरलेलं निघालं की कांडीला दोष देतात. खाचेत वॅक्सचा अंश राहिला तर काहीही टिकणार नाही. क्लीनर पूर्ण उडून जाऊ द्या, त्याची बाटली आणि कापड दुसऱ्या खोलीत ठेवा, तोवर काडी ओढू नका.

खिडकी उघडी हवी आणि हातात जाड हातमोजे हवेत. पेटतं प्लास्टिक कातडीवर पडलं की तिथेच चिकटून जाळत राहतं. कांडी पेटायला वेळ लागतो. पेटली की पहिले थेंब स्टीलच्या स्क्रेपरवर गळू द्या, कारण त्यात काजळी असते. ज्योत मोठी आणि पिवळी झाली की काजळी वाढते, आणि काजळीचे काळे कण मधे आले की पकड कमजोर होते. म्हणून कांडीचं टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर धरा आणि सतत फिरवत राहा. ज्योत छोटी, निळसर राहिली की स्वच्छ थेंब पडतात. आता खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरका. खाच खोल असेल तर एका दमात भरू नका, एक थर थंड झाला की दुसरा द्या. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून शेवटचा थर बेसपेक्षा थोडा वर आलेला हवा.

मग किमान अर्धा तास हात लावू नका. कोमट असताना खरवडलं तर अख्खा भराव उपटून येतो. थंड झाल्यावर स्क्रेपर थोडा तिरका धरून, नोजकडून (पुढच्या टोकाकडून) टेलकडे (मागच्या टोकाकडे), कमी दाबाने पातळ पातळ सोलत जा. बेसच्या पातळीला आलं की ठोकळ्याला गुंडाळलेला 150 आणि मग 220 नंबरचा सँडपेपर फक्त तेवढ्या भागावर फिरवा. शेवटी पूर्ण बेसला वॅक्स करा. इस्त्री एका जागी थांबू देऊ नका. वॅक्समधून धूर आला तर ती जास्त तापली आहे.

हा भराव मूळ बेसइतका टणक होत नाही. मूळ बेसच्या पॉलिएथिलीनच्या साखळ्या इतक्या लांब असतात की तापवलं तरी ते वाहत नाही. कांडी वाहावी म्हणून ती मऊ प्रकारच्या पॉलिएथिलीनची केलेली असते. म्हणून ती जागा लवकर झिजते, आणि सिंटर्ड (पावडर दाबून-तापवून बनवलेला) बेस पितो तसं वॅक्स पीत नाही. पुढे कधीतरी पुन्हा भरावी लागली तर तुमचं काम बिघडलं असं समजू नका.

आत लाकूड किंवा फायबरग्लास दिसत असेल तर आधी एक-दोन दिवस बोर्ड वाळू द्या. ओलावा आत कोंडला तर लाकूड फुगतं आणि थर सुटू लागतात. जागा लहान असेल तर धातू आणि इपॉक्सी गोंदाला धरणारी मेटल ग्रिप नावाच्या प्लास्टिकची पट्टी आधी सोल्डरिंग आयर्नसारख्या हत्याराच्या तापत्या टोकाने वितळवून पातळ पसरायची आणि त्यावर नेहमीचं पी-टेक्स भरायचं. जागा मोठी असेल तर खराब भाग सरळ कडांनी कापून काढा, त्याच मापाचा बेसचा तुकडा सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवा आणि रात्रभर क्लॅम्पखाली दाबून ठेवा. तुकडा एका बाजूने चिकटण्यासाठी प्रक्रिया केलेलाच घ्या, गुळगुळीत बाजूला इपॉक्सी धरत नाही.

स्टीलची कड वाकली किंवा तडकली असेल, किंवा कडेजवळ दाबल्यावर थर उघडमीट करत असतील, तर मी स्वतः घरी हात घालणार नाही. तो बोर्ड दुकानात न्या. तोपर्यंत त्यावर उतरू नका आणि फटीत पाणी जाऊ देऊ नका.