खुर्च्या नदीप्रमाणे मांडा

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त नायब तहसीलदार बाईंची उत्तरं

प्रश्न : ताई, स. न. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. तालुका वारणाकाठचा. पावसाळ्याआधी ‘स्थानिक स्वराज्य संस्था आणि आपत्ती पूर्वतयारी’ या विषयावर एक दिवसाची तालुका परिषद घ्यायची आहे आणि संयोजन माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या वेळची फाइल काढून बघितली : दीपप्रज्वलन, सत्कार, चार व्याख्यानं, जेवण, आभार. निम्मे सरपंच जेवणानंतर गायब झाले होते म्हणे. खर्च वाढवायची सोय नाही, पण दिवस वाया घालवायचीही इच्छा नाही. काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : तुमची फाइल न बघताच सांगते, तिच्यात सगळ्यात जाड गठ्ठा हजेरीच्या सह्यांचा असणार. अशा दोन-तीन फायली मीही केल्यात, त्यामुळे तुम्हाला हसायचा मला हक्क नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधली एक रात्र सांगते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी एका तालुक्याच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला होते. नदीकाठच्या एका वस्तीला बोट हवी होती. माझ्यापुढच्या रजिस्टरात बोटवाल्यांची सुरेख यादी, टाइप केलेली, शिक्क्यासकट. पहिला नंबर लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, “बाई, मी सोलापुरात रिक्षा चालवतो. बोट कुठली आणू?” नंबर कधीच दुसऱ्याच्या नावावर गेला होता. दुसरा बंद. तिसरा उचलला बोटवाल्याच्या सुनेनं. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. हीच यादी दोन महिन्यांपूर्वीच्या बैठकीत वाचून दाखवली होती आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. शेवटी बोट मिळवून दिली पलीकडच्या काठावरच्या एका दूध संकलन केंद्रवाल्यानं. तो दुसऱ्या जिल्ह्यातला. आमच्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव नव्हतं आणि असायची शक्यताही नव्हती, कारण आमचे कागद जिल्ह्याच्या हद्दीला संपायचे.

म्हणून पहिली गोष्ट. परिषद तालुक्याची असली तरी बोलावणी नदीप्रमाणे काढा. तुमच्या वारणेच्या एका काठाला सांगली जिल्हा, दुसऱ्या काठाला कोल्हापूर. पाणी चढतं ते दोन्ही काठांना एकाच रात्री. तरी तुमच्या सरपंचाला समोरच्या गावच्या पोलीस पाटलाचा चेहरा माहीत नसतो, सोयरीक असली तर गोष्ट वेगळी. समोरच्या तालुक्यांतल्या काठावरच्या गावांना बोलवायला तुमच्या गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र पुरणार नाही, प्रांताधिकाऱ्यांमार्फत जा. पंधरा दिवस जास्त लागतील, लागू द्यात. आणि सभागृहात खुर्च्या मांडताना ‘सरपंच’, ‘ग्रामसेवक’, ‘तलाठी’ असे कप्पे करू नका. (ग्रामसेवक-तलाठ्यांची पदनामं बदललीत हे ठाऊक आहे, पण गाव अजून त्यांना याच नावानं ओळखतं.) वरच्या अंगाची गावं एका टोकाला, खालची दुसऱ्या टोकाला, मधे मोकळी वाट, तीच नदी. समोरासमोरच्या गावांनी समोरासमोर बसायचं. हसतील सुरुवातीला. हसू देत.

दुसरं, वक्ते. पाटबंधारे खात्याचे अभियंता बोलवाच, पण त्यांना व्याख्यान देऊ नका, प्रश्न द्या : चांदोली धरणाच्या सांडव्यातून सोडलेलं पाणी अमुक गावच्या घाटाला किती तासांनी लागतं? आणि कृष्णा तुडुंब असताना हरिपूरच्या संगमापासून वारणेत किती मागेपर्यंत फूग (उलटं तुंबलेलं पाणी) चढते? एवढ्या दोनच गोष्टी गावागावांनी मांडून सांगितल्या तरी त्यांचं येणं सार्थकी लागलं. ‘विसर्ग इतके हजार क्युसेक’ हा निरोप मी वर्षानुवर्षं खाली पाठवला. त्यातून घाटावरच्या माणसाला काय कळत असेल? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे गणित करत बसायला कुणाला वेळ आहे? त्याला पायरी कळते.

पायरीवरून आठवलं. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढायला लागलं की काय करायचं हे तिथल्या पुजाऱ्यांना कुणी फोन करून सांगावं लागत नाही. पाणी अमुक ठिकाणी आलं की दक्षिणद्वार सोहळा (पादुकांवरून वाहून पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तो), त्याच्याही वर चढायला लागलं की उत्सवमूर्ती वर हलवायची. ठरलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या. आदेशाची वाट नाही, बैठक नाही. देवासाठी जे आपण ठरवून ठेवलं ते म्हातारीकोतारीसाठी ठरवलं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. परिषदेत प्रत्येक गावाकडून एवढंच काढून घ्या : तुमची पायरी कोणती? मारुतीच्या देवळाचा ओटा, शाळेचं फाटक, स्मशानशेडचा खांब, काहीही चालेल. पाणी तिथं लागलं की कुठली आळी हलणार आणि ‘चला’ असं कोण म्हणणार. त्या माणसाचं नाव. पद नको, नाव. आणि तो परगावी असला तर दुसरं नाव.

दुपारचं सत्र व्याख्यानांचं ठेवलंत तर लोक जाणारच. त्याऐवजी चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. मी निवृत्तीआधी एकदाच घेतला आणि वाटलं, हे आधी का सुचलं नाही. समोरासमोरच्या चार गावांचं एक टेबल. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक टेबलावर एक चिठ्ठी जाते. पहिली : ‘रात्रीचे साडेनऊ. धरणाचे दरवाजे उचललेत. तुमच्या घाटाच्या चार पायऱ्या उरल्यात.’ दुसरी : ‘महावितरणनं उपकेंद्र बंद केलं. वस्तीवर एक बाई अडलेली आहे.’ अट अशी की फोन करायचा म्हणाल तर खरोखर करायचा, तिथंच, स्पीकरवर. आमच्या वेळी पहिल्या अर्ध्या तासातच यादीतले मेलेले नंबर कळले. मग तिसरी चिठ्ठी : ‘मोबाईल टॉवरची बॅटरी संपली.’ तिथं सभागृह गप्प झालं. मग एक पोलीस पाटील उठून म्हणाले, आमच्या गावात मशिदीचा आणि देवळाचा असे दोन्ही भोंगे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात, आणि पलीकडच्या गावाला ऐकू जातात. ते वाक्य चार व्याख्यानांपेक्षा मोलाचं होतं.

चौथी चिठ्ठी चुकवू नका : ‘बोट एक, माणसं चाळीस, लाइफ जॅकेट आठ.’ ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला वाचवायला निघालेली बोटच उलटली आणि माणसं गेली. त्या दिवसानंतर मी प्रत्येक बैठकीत एकच विचारत आले : बोटीच्या तोंडाशी उभं राहून ‘बास, आता एकही नाही’ असं कोण म्हणणार? पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना, समोर चुलतभाऊ लेकराला कडेवर घेऊन उभा असताना, हे म्हणणं सोपं नाही. गावातल्या पोराला ते जमणार नाही. समोरच्या गावातला माणूस ठरवून ठेवा, त्याला भाऊबंदकी आड येत नाही. म्हणून म्हणते, समोरासमोर बसवा.

बोलवायच्या लोकांत साखर कारखान्याचा ऊस वाहतूक बघणारा माणूस पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रॉल्या कुणाच्या दारात उभ्या आहेत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दूध संघाचा टँकर बघणारा पाहिजे, कारण पुरात जॅकवेल, म्हणजे नळयोजनेची नदीकाठची विहीर, बुडते आणि चहूकडे पाणी असून प्यायला थेंब मिळत नाही. भोई समाजातली दोन जुनी माणसं मंचावर पाहिजेत. मंचावरच, मागच्या रांगेत नव्हे. नदीची ओढ कुठं आहे आणि भोवरा कुठं हे तेच सांगणार. तालमीची आणि गणेश मंडळांची पोरं. जनावरांचे डॉक्टर तर आधी बोलवा. माणूस घर सोडत नाही याचं कारण बहुतेकदा घर नसतं, गोठ्यातली म्हैस असते. जनावरांची सोय कुठं हे सांगितल्याशिवाय ‘स्थलांतर करा’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, त्यांचं प्रात्यक्षिक मागता येतं आणि पोरांना ते आवडतंही. पण ते तिथून निघून तुमच्या वस्तीवर पोचेपर्यंतचे तास तुमचेच आहेत, एवढं त्या दिवशी सांगून टाका.

जागा. गावाबाहेरचं वातानुकूलित मंगल कार्यालय कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. पूर आला की ज्या हायस्कूलमध्ये निवारा केंद्र उघडणार आहात तिथंच परिषद घ्या. दोनशे माणसं दिवसभर तिथं राहिली की जेवणाच्या वेळेपर्यंत कळतं, नळाला पाणी किती वेळ टिकतं, बायकांच्या संडासाला कडी आहे का, स्वयंपाकाच्या खोलीत धूर कोंडतो का. आमच्या एका केंद्राची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई यात्रेला, हे अशाच एका दिवशी कळलं. पूर आल्यावर कळलं असतं तर?

सत्काराचं विचारायचं तुम्ही टाळलंत, पण तीच खरी अडचण असणार हे मी जाणते. लोकप्रतिनिधी येणार, राजशिष्टाचार पाळावाच लागणार, पत्रिकेवर नावांचा क्रम चुकला तर परिषद राहिली बाजूला. नारळ एकच फोडा, हार नको, रोप द्या, वीस मिनिटांत उरका. आणि मान्यवरांना पहिल्या चिठ्ठीच्या वेळी एका टेबलावर बसवा. मी बसवलं होतं. एका सदस्यांनी स्वतःच्या फोनवरून तीन नंबर लावून बघितले, तिन्ही लागले नाहीत, आणि त्यानंतर बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती आठवड्यात मंजूर झाली.

तारीख एप्रिलच्या मध्यावरची धरा. कारखान्यांचा हंगाम उरकलेला असतो, उन्हाळा कडक असला तरी अधिकारी जागेवर सापडतात. मे महिन्यात लग्नं आणि मान्सूनपूर्व बैठका यांत तुमची परिषद कुणाला दिसणारही नाही. ठराव वगैरे करायचे असतील तर करा. पण संध्याकाळी प्रत्येक गावाच्या हातात एक कागद जायला हवा : आपली पायरी, ‘चला’ म्हणणाऱ्याची दोन नावं, समोरच्या गावचा नंबर, जनावरांची जागा, बोटीवर ‘बास’ म्हणणारा. त्यावर समोरच्या गावाची सही. आणि १ जूनला, नियंत्रण कक्ष सुरू होतो त्या दिवशी, त्यातला प्रत्येक नंबर तुम्ही स्वतः लावून बघा. शिपायाला सांगू नका. अख्खा दिवस जाईल, घसा बसेल.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. आमच्या तालुक्यात अशीच परिषद आहे. मालक म्हणतात, “तू कशाला उन्हात जातेस, मी जाऊन येतो.” मला कायद्यातलं फारसं कळत नाही. गेले तर काय बोलू?

उत्तर : मालकांना म्हणावं, तुम्ही गाडी चालवा आणि बाहेर चहा प्या. खुर्ची तुमची आहे, रात्री दोनला फोनही तुम्हालाच येणार आहे.

कायदा कळायची गरज नाही, गाव कळतं ना? जायच्या आधी दोन संध्याकाळी आशाताई आणि अंगणवाडीताईंना घेऊन फिरा. अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरत आलेली कोण, डायलिसिसला कोण जातं, एकटी म्हातारी कुठल्या घरात. हे त्यांना तोंडपाठ असतं, कागदावर मात्र क्वचित असतं. ही यादी मिटिंगमध्ये वाचू नका, लोकांच्या घरची गोष्ट आहे. पण तिच्यावरून तुम्हाला कळेल की पहिल्या बोटीत किंवा पहिल्या ट्रॉलीत किती जणांना आधार देऊन बसवावं लागणार. तो आकडा सभेत उभं राहून सांगा आणि विचारा, एवढ्यांसाठी वाहन कोण देणार? मोठ्या आवाजात नाही बोललात तरी चालेल. आकडा सांगणाऱ्या बाईला सहसा कुणी खाली बसवत नाही.

आणि जुन्या पुराची खूण भिंतीवर असेल तर फोटो काढून न्या. २००५ ची, २०१९ ची, २०२१ ची. रंगकामात ती पुसली असेल तर ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं त्याला विचारून परत मारून घ्या, तेलाच्या रंगानं.

प्रश्न : पूर आला की ग्रामपंचायत म्हणते तहसीलदार बघतील, तहसीलदार म्हणतात ग्रामपंचायतीनं आधी करायला हवं होतं. खरी जबाबदारी कुणाची? — एक निवृत्त शिक्षक, शिरोळ तालुका

उत्तर : गुरुजी, दोघांचीही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. ही दुसरी खुर्ची पुष्कळांच्या लक्षातच नसते. स्थानिक संस्थांसाठी कलम ४१ आहे : आपली माणसं प्रशिक्षित ठेवायची, साधनं वापरायच्या स्थितीत ठेवायची, राज्य आणि जिल्हा आराखड्याप्रमाणे मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणीचं काम करायचं. म्हणजे गंजलेलं इंजिन हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. मात्र घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे जे २९ विषय आहेत त्यांत आपत्ती व्यवस्थापन नाही. काम सांगितलंय, वेगळा पैसा आणि माणूस ओघानं येत नाही. त्यामुळे दोन्हीकडचे लोक थोडे खरं बोलत असतात.

तुम्ही ग्रामसभेत एवढं करा. एप्रिलच्या सभेत विषयपत्रिकेवर ‘बोटीचं इंजिन चालू करून दाखवणे’ असा विषय घालायला लावा. चर्चा नको, चालू करून दाखवणे.