आजीच्या आजोबांचे मूळ गाव

प्रश्न : माझ्या आजीचे आजोबा इंग्रज पलटणीतून बेळगावच्या कॅम्पात आले व येथेच राहिले. त्यांचे मूळ गाव कसे शोधावे? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी येथलीच नोंद गाठावी. मुंबई इलाख्यातील चर्चांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदींच्या प्रती लंडनला जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विवाहनोंदीत वडिलांचे नाव मिळाल्यास वाट सुकर होते. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंद १८३७ पासूनची. त्यापूर्वीसाठी १५३८ पासून ठेवल्या गेलेल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चविभागाच्या, वह्याच पाहाव्या लागतात. १८१३ नंतरच्या छापील बाप्तिस्मा-नोंदीत वडिलांचा व्यवसाय व वस्तीही असल्याने एकाच नावाची दोन मुले वेगळी ओळखता येतात, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. १७५२ पूर्वी तेथील वर्ष, आपल्या पाडव्यासारखे, मार्चमध्ये, २५ तारखेला बदलत असे. जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे.