उत्तर कोरियाची गाईडवाली टूर: जावं का, आणि बघायला काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की प्योंगयांगची पाच दिवसांची टूर घ्यावी का, की नुसते पुतळे दाखवून परत पाठवतात. मी 2019 च्या मे महिन्यात बीजिंगहून ग्रुपबरोबर गेलो होतो, त्यावरून सांगतो. पुतळे तर दाखवतातच, पण जायचं असेल तर आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, तिथे तुमच्या वागण्याचा जाब तुमच्या गाईडला द्यावा लागतो.

एकटं फिरता येत नाही, दोन गाईड आणि ड्रायव्हर कायम बरोबर. सुरुवातीलाच मानसू टेकडीवर नेतात, तिथे देशाचे संस्थापक किम इल सुंग आणि त्यांचा मुलगा किम जोंग इल यांचे वीस मीटरच्या वर उंच ब्राँझचे पुतळे आहेत. फुलं वाहायची, रांगेत उभं राहून वाकायचं आणि फोटोत पुतळा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण यायला हवा. आमच्यातल्या एकाच्या फोटोत पाय कापले गेले होते. गाईड ताई त्याच्याजवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, परत काढाल का प्लीज, आणि तो फोटो डिलीट होईपर्यंत त्यांची नजर मोबाईलवरून हलली नाही. ज्यांना वाकणं पटत नाही त्यांनी जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे जाऊन बाणेदारपणा दाखवायचा आणि निस्तरायचं मात्र त्या बाईंनी, हे बरोबर नाही. आणि पाहुण्यालाही माफी नसते, 2016 साली एका अमेरिकन विद्यार्थ्याला हॉटेलमधलं पोस्टर काढल्यावरून 15 वर्षांची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी बेशुद्धावस्थेत घरी पाठवला आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

कुमसुसान राजवाड्यात या किम बापलेकांचे देह काचेच्या पेटीत ठेवलेत. फोन, कॅमेरा बाहेर जमा, मग लांबच लांब सरकत्या पट्ट्यांवर गुपचूप उभं राहायचं, पुढे हवेच्या झोतात अंगावरची धूळ उडवतात, आणि आत पायाशी आणि दोन्ही बाजूंना वाकायचं, डोक्याकडे नाही. कपडे नीट न्या, जीन्स नको.

जुचे (म्हणजे स्वावलंबनाची त्यांची सरकारी विचारसरणी) टॉवर 170 मीटरचा, 1982 मध्ये किम इल सुंग यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला बांधलेला, लिफ्टने वर जाऊन शहर बघा. मला सगळ्यात जास्त वेळ युद्ध संग्रहालयात द्यावासा वाटला, कारण 1968 साली पकडलेलं प्युब्लो हे अमेरिकन जहाज तिथे नदीत उभं केलंय आणि त्यावर चढता येतं. गोळ्यांच्या भोकांभोवती लाल रंगाने गोल काढलेत, बोट आत जाईल एवढी भोकं. जहाजावरच्या 82 जणांना अकरा महिने कैदेत ठेवलं होतं. कोरियन युद्ध अमेरिकेने सुरू केलं असं तिथे सांगतात, प्रत्यक्षात 25 जून 1950 ला उत्तरेचं सैन्य दक्षिणेत घुसलं होतं. तिथे वाद घालू नका, पण जाण्याआधी वाचून जा, नाहीतर ऐकलेलं तेच खरं वाटत राहतं.

म्योह्यांग डोंगरातलं, किम नेत्यांना परदेशातून मिळालेल्या भेटवस्तूंचं प्रदर्शन चुकवू नका. बुटांवर कव्हर चढवून आत सोडतात, स्टॅलिनने दिलेला रेल्वेचा डबा आहे आणि 2000 साली अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइटनी दिलेला मायकल जॉर्डनच्या सहीचा बास्केटबॉल आहे.

दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुंजोमला मात्र मी भारतीय म्हणून उभा होतो. 1953 च्या युद्धबंदीनंतर जे कैदी घरी जायला तयार नव्हते त्यांचा सांभाळ करायला आपली भारतीय फौज याच भागात होती आणि त्यासाठीच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. त्याच्याआधी आपलं 60 पॅरा फील्ड अँब्युलन्स पथक कर्नल रंगराज यांच्याबरोबर जखमींवर उपचार करत होतं. तिथे याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून मीच परतीच्या बसमध्ये गाईड ताईंना सांगितलं. त्यांनी थिमय्यांचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

2020 च्या जानेवारीत सीमा बंद झाली, 2024 मध्ये आधी रशियन ग्रुप सोडले, त्यामुळे आपल्या पासपोर्टवर आत्ता परवानगी आहे का हे लेखी विचारल्याशिवाय कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका.