कोकम सरबताच्या घरगुती उद्योगात डिझाइनवर पैसे घालावेत का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: मालवणात तुम्ही कोकम सरबत आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करता, चवीची तक्रार नाही, पण मुंबईला पाठवलेल्या बाटल्या गळतात आणि एकजण नव्या लेबलसाठी पैसे मागतोय. लेबल सगळ्यात शेवटी करा. गळणारी बाटली हासुद्धा डिझाइनचाच प्रश्न आहे, आणि तो आधी सुटला पाहिजे.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे झाडावरून आंबे उतरवायचं साधन, बघा. आंबा ओढून काढला की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळून डाग पडतो, पुढे देठाकडून फळ कुजायला लागतं. नूतन झेल्यात पातं देठ कापतं आणि दोन-तीन सेंटिमीटर देठ फळाला राहतो. डिझाइन म्हणतात ते हेच, रंगरंगोटी नव्हे.

आता तुमची बाटली. सरबत गरम भरत असाल तर बहुधा तिथेच गोम आहे. साधी पेट (PET) प्लास्टिकची बाटली ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. ८५ अंशांचं सरबत ओतलं की ती आखडते, मान वाकडी होते, मग झाकण कितीही आवळा, पाझरणारच. एकतर काच घ्या किंवा गरम भरण्यासाठीच केलेली पेट बाटली मागा. थंड करून भरायचं असेल तर साखर ६५ ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅम सरबतात साधारण ६५ ग्रॅम साखर) खाली जाऊ देऊ नका, नाहीतर सरबत आंबून बाटली फुगते. स्वतःच्या आकाराचा साचा करायच्या भानगडीत आत्ताच पडू नका, बाजारात मिळते तीच बाटली नीट निवडा. आगळाला पत्र्याचं झाकण तर नकोच, मीठ आणि आंबटपणा मिळून गंज चढवतात.

तपासणी फुकटची आहे. भरलेल्या दहा बाटल्या वर्तमानपत्रावर रात्रभर आडव्या ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो माल पाठवू नका. गणपतीनंतर परतणारा चाकरमानी ती पिशवीत आडवीच कोंबणार आहे!

कोकमाचा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. हायवेवरच्या टपरीत उन्हात मांडलेली पारदर्शक बाटली तपकिरी पडते आणि गिऱ्हाईक जुना माल म्हणून पुढे जातं. तपकिरी काच किंवा पुठ्ठ्याचा खोका वापरा. माझं मत खोक्याकडे, कारण बाटली बदलावी लागत नाही.

'फार गोड लागतं' ही तक्रार पुष्कळदा ओतण्याच्या अंदाजाची असते. झाकण किती मिलीचं आहे ते मोजा आणि लेबलवर ठळक छापा: 'एका ग्लासला एवढी झाकणं'. ग्लासला ३५ मिली धरलं तर ७०० मिलीत २० ग्लास होतात, तेही लिहा. घेणारा किंमत त्यावरूनच ताडतो.

एवढं झालं की लेबलवाल्याला बोलवा. अन्न परवान्याचा (FSSAI) १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ माप, बॅच आणि तारीख यांना जागा आधी आखून द्या, चित्र नंतर. कागदी लेबल घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात ते सुटतं आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर शाई फिसकटते. प्लास्टिक फिल्मचं थोडं महाग पडतं, पण टिकतं.