जुन्या ट्रेलरवर बोटीची नाळ कशी बांधावी

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का ते आधी बघा. शेजाऱ्याकडून 1994 ची सतरा फुटी फायबरग्लासची बोट घेतली, सोबत तेवढ्याच वयाचा ट्रेलर आला. मिशिगनमधल्या कॅन्टनहून निघून लेक सेंट क्लेअरला पोचलात, तर बोटीचं पुढचं टोक ट्रेलरच्या पुढच्या खांबावरच्या रबरी रोलरपासून तीनेक इंच मागे सरकलेलं आणि विंचचा, म्हणजे बोट ओढायच्या हँडलवाल्या चक्राचा, पट्टा लोंबत होता. आता तुम्ही विचारताय, जाडजूड नवा पट्टा आणला की भागेल का?

नाही भागणार. पट्टा बदलाच, पंधरा-वीस वर्षं उन्हात राहिलेल्या पट्ट्यावर माझा काडीचा भरवसा नाही. पण विंच असते ती बोट पाण्यातून ट्रेलरवर ओढून घ्यायला. हायवेवर पन्नास मैल बोट धरून ठेवायचं काम तिच्या गळ्यात घालू नका. विंचचा सगळा ताण शेवटी चक्राच्या दातांत अडकणाऱ्या एका करंगळीएवढ्या खटक्यावर आणि त्याच्या स्प्रिंगवर येतो. जुन्या विंचमध्ये खटक्याची धार बोथट झालेली असते, चक्राचे दातही गोलावलेले असतात. मिशिगनच्या रस्त्यावरचा एक खड्डा, की एक दात सुटला. पुढच्या खड्ड्याला आणखी एक. तुमचे तीन इंच असेच गेले असणार.

मी मालवणकडचा. आमच्याकडे बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, पुढेही तोच शब्द वापरतो. इथले लोक 'बाव' म्हणाले की मला अजून विहीरच आठवते.

माझी फजिती सांगतो, म्हणजे हे सगळं पुस्तकी नाही हे कळेल. माझी पहिली बोट सोळा फुटी ॲल्युमिनियमची. केन्सिंग्टन पार्कातल्या केंट लेकच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, रविवार सकाळची गर्दी, मागे चार गाड्या उभ्या. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको म्हणून मी रॅम्पच्या वरच विंचचा हूक काढला आणि ट्रेलर मागे घ्यायला लागलो. वेगळी साखळी नव्हतीच. बोट दोन वेळा कुरकुरली आणि मागच्या मागे घसरून काँक्रीटवर बसली. पाणी अजून दहा फूट लांब. मोटरचा खालचा पंखासारखा भाग वाकला आणि मागच्या चार गाड्यांतले लोक ती उचलायला आले, तेव्हा खोळंबा व्हायचा तो झालाच. त्या संध्याकाळी मी पहिली साखळी विकत आणली.

आता नाळेवर नेमकं काय काय होतं ते बघू. ब्रेक मारला की बोट पुढे रेटते आणि रोलरवर, म्हणजे विंचच्या खांबावर आदळते. सिग्नल सुटला किंवा चढ लागला की ती मागे जाऊ बघते. तेव्हा पट्टा तिला अडवतो. आणि खड्डा आला की नाळ वर उडते. या तिसऱ्या गोष्टीचा बहुतेक जण विचारच करत नाहीत. पट्टा आडवा असेल तर तो वर उडणाऱ्या नाळेला खाली धरत नाही. नाळ उडाली की पट्टा क्षणभर ढिला पडतो, खाली आली की हिसका बसतो, आणि तो हिसका थेट त्या खटक्यावर.

म्हणून आधी रोलर कुठे बसलाय ते बघा. नाळेवर पुढे जी स्टीलची कडी असते ती रोलरच्या लगेच खाली यायला हवी. नाळ वर उडाली तर कडी रोलरला खालून अडेल, असं. पुष्कळ जुन्या ट्रेलरवर नेमकं उलटं दिसतं, कडी रोलरच्या वर. कारण बहुधा एकच: ट्रेलर आधी दुसऱ्याच बोटीसाठी होता आणि बोट बदलल्यावर खांबाची उंची कुणी बदलली नाही. तुमच्या शेजाऱ्याला विचाराच, ट्रेलर याच बोटीचा आहे का. रोलरचा कंस वर-खाली करायला बोल्ट असतात, त्यात अर्ध्या तासाचं काम आहे.

खांब पुढे-मागेही सरकवता येतो, पण ते करण्याआधी बोटीच्या मागे जाऊन बघा. जिथे मोटर टांगलेली असते ती मागची उभी भिंत ट्रेलरच्या गालिचा मढवलेल्या लाकडी फळ्यांच्या टोकावर नीट टेकली पाहिजे. ती फळ्यांच्या बाहेर लटकत असेल तर मोटरचं वजन अधांतरी राहतं आणि वर्षानुवर्षांनी तळ तिथे वाकतो. म्हणजे खांबाची जागा मागच्या भिंतीवरून ठरते, पुढे किती मोकळं दिसतंय त्यावरून नाही. खांब हलवला की हिचवरचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावरचं, वजनही बदलतं. बोट, इंधन, ट्रेलर असं सगळं धरून जे होईल त्याच्या 5 ते 10 टक्के वजन हिचवर असावं. तुमच्या बोटीचं एकूण 2,800 पौंड धरलं तर 140 ते 280. ट्रेलर सपाट जागी उभा करून, चाकांना लाकडं लावून, त्याचा पुढचा दांडा बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवा. टेकवताना त्याची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच ठेवा. बायको काट्याबद्दल बोलेल, ते ऐकून घ्या.

आता खांब. तुमच्या ट्रेलरची मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते. खांब चौकटीला इंग्रजी यू आकाराच्या बोल्टांनी आवळलेला असतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ट्रेलर हिवाळ्यात घराशेजारी नुसता उभा असला तरी वसंतातल्या पहिल्या फेरीत ते मीठ खालून उडतं आणि बोल्ट आणि चौकट यांच्या फटीत जाऊन बसतं. वरून बोल्ट ठीक दिसतो, वळणापाशी मात्र पेन्सिलीएवढा उरलेला असतो. माझ्या दुसऱ्या ट्रेलरचा बोल्ट मी पान्याने फिरवला तर तो गाजरासारखा तुटला. म्हणून हे बोल्ट तपासत बसूच नका, सरळ बदला. हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेले, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, घ्या, आधीचे जेवढ्या जाडीचे होते तेवढेच किंवा जास्त जाड, आणि सैल न होणारे नायलॉनवाले नट. पोकळ चौकोनी चौकटीवर जीव खाऊन आवळू नका, नळी चेपते.

बोल्ट काढलेत की तिथली चौकट तारेच्या ब्रशने घासा आणि हातोडीने ठोकून बघा. चांगलं लोखंड ठणकतं. आतून सडलेलं ठप्प बोलतं आणि पापुद्रे पडतात. पोकळ नळी आतून गंजते, त्यामुळे बाहेरच्या रंगाकडे बघून फसू नका. ठप्प बोललं तर इथेच थांबा आणि वेल्डिंगवाल्याकडे न्या. पुढचं सगळं नंतर.

चौकट चांगली निघाली तर मग नाळेची कडी. नाळेच्या आत हात घालायला झाकण किंवा नांगर ठेवायचा कप्पा असतो. टॉर्च घेऊन आत डोकवा. कडीचे दोन नट, मागे धातूची पट्टी आणि बहुधा लाकडाचा ठोकळा दिसेल. लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय आणि बाहेर कितीही भारी साखळी लावलीत तरी ती भिजलेल्या पावाला लावल्यासारखी. बाहेरून कडी धरून हलवा, जराही हलता कामा नये.

रोलर काळ्या रबराचा आणि भेगाळलेला असेल तर फेकून द्या. तो बोटीवर काळे डाग पाडतोच, शिवाय एके दिवशी चिरतो आणि नाळ थेट कंसाच्या लोखंडावर घासते. पिवळा किंवा लाल पॉलियुरेथेनचा घ्या. त्याची पिन आणि पिनेची चाप नवी घाला.

विंचबद्दल थोडक्यात. झाकण काढा, दात आणि खटका बघा, स्प्रिंग नवी टाका. दात गोलावलेले असतील तर विंचच नवी. त्यात काटकसर नको. तारेची दोरी असेल तर ती काढून दोन इंची पट्टा लावा. तुटकी तार हातात शिरते आणि ताणाखाली तुटली तर चाबकासारखी मागे येते. पट्टा विंचच्या चक्रावर बोल्टने अडकवायचा, गाठ मारून नाही. शिलाई उसवलेली, कडा केसाळ झालेल्या दिसल्या की पट्टा बाद. आणि एक, पट्टा सोडताना खटका उचलला की हँडल भन्नाट वेगाने उलटं फिरतं. एकाचं मनगट मोडलेलं मी पाहिलंय. हँडल हातात घट्ट धरूनच खटका उचला.

आता साखळी. ती विंचवर अवलंबून नसलेली, वेगळी हवी. एक टोक नाळेच्या कडीला, दुसरं ट्रेलरच्या मुख्य चौकटीला. अनेक ट्रेलरवर कंपनीनेच ती खांबाला अडकवलेली असते. नव्या ट्रेलरवर ते एक वेळ चालेल. तुमच्या ट्रेलरचा खांब हाच मुळात संशयित आहे, तेव्हा त्याच्यावर दुसरी जबाबदारी टाकू नका. पाव इंची गॅल्व्हनाइझ केलेली साखळी पुरते, पण ग्रेड, म्हणजे तिच्या ताकदीचा आकडा, बघून घ्या. ग्रेड 30 ची पाव इंची साखळी 1,300 पौंडांचा भार पेलायची असते, ग्रेड 43 ची 2,600. दिसायला दोन्ही सारख्याच. हार्डवेअरच्या दुकानात रिळावरून कापून देतात ती बहुतेक वेळा 30 असते. तुम्ही 43 मागा. टोकाला उघडा एस आकाराचा हूक नको, उसळीत तो निसटतो. स्क्रू-पिनचा शॅकल, म्हणजे पिन फिरवून बंद होणारी यू आकाराची कडी, लावा, त्याच्यावरही क्षमता कोरलेली असते. पिन तारेने बांधून टाका. साखळीत एक-दोन कड्यांची ढील ठेवा. विंच सुटली तर बोट इंच-दोन इंच सरकून तिथेच थांबायला हवी, हिसका बसण्याएवढी मोकळीक नको.

या साखळीची आणि ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या साखळ्यांची गल्लत करू नका. त्या दोन असतात आणि हिचच्या खाली एकमेकींना छेदून लावतात. बोटीचा त्यांच्याशी संबंध नाही.

मागे जाणारी बोट साखळी अडवेल, पण वर उडणारीला खाली कोण धरणार? त्यासाठी रॅचेटचा, म्हणजे खटका मागे-पुढे करून आवळायचा, एक पट्टा नाळेच्या कडीपासून खाली आणि किंचित मागच्या दिशेला, चौकटीच्या आडव्या दांड्यापर्यंत. त्याने नाळ खाली राहते आणि ब्रेक मारल्यावर बोट पुढेही कमी रेटते, म्हणजे बिचाऱ्या खांबावरचा भारही कमी होतो. माझ्या मते जुन्या ट्रेलरवर सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक याच पट्ट्याने पडतो. पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे असतात. मोठा आकडा तुटण्याचा असतो आणि कामाचा त्याच्या एक तृतीयांश. दुकानदार मोठा दाखवतो, तुम्ही लहान बघा. आवळताना ट्रेलरचे स्प्रिंग दबेपर्यंत आवळू नका. नाळ फळ्यांवर घट्ट बसली की पुरे. आणि बोट धक्क्याला बांधायच्या डेकवरच्या खुंटीला हा पट्टा अडकवू नका, ती या कामाची नाही.

मागच्या बाजूचे दोन पट्टे तुम्ही लावताय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. नसाल लावत तर आधी ते आणा, मग हे बाकीचं वाचा.

राहता राहिली एक गंमत. हे सगळं करूनही तुम्हाला रॅम्पवरून वर आल्यावर नाळ आणि रोलर यांच्यात फट दिसेल. विंच सरकलीय असं वाटून लोक ती कोरड्यात, चढावर, दात-ओठ खाऊन फिरवतात. सरकलेलं काही नसतं. ट्रेलर पाण्यात फार खोल गेला की बोटीचा मागचा भाग तरंगत राहतो. तेव्हा नाळ रोलरला टेकलेली दिसते, पण ट्रेलर वर आला की मागचा भाग फळ्यांवर खाली बसतो आणि नाळ रोलरपासून सुटते. उपाय सोपा आहे. ट्रेलर कमी खोल न्या, फळ्यांचा पुढचा थोडा भाग पाण्याबाहेर कोरडा राहू द्या, आणि शेवटचा फूटभर बोट विंचने ओढून घ्या. फळ्या ओल्या असल्या की ती येते. माझ्या गाडीसाठी योग्य खोली म्हणजे पाणी ट्रेलरच्या चाकांच्या मडगार्डच्या माथ्याला लागेपर्यंत. तुमची वेगळी निघेल, दोन-तीन फेऱ्यांत सापडते. सापडली की मडगार्डवर टेपचा तुकडा चिकटवून ठेवा.

पाण्यात सोडताना माझा क्रम असा: वर सपाट जागेवर मागचे पट्टे आणि नाळेचा खाली जाणारा पट्टा काढायचा, तळाचं, आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावायचं. साखळी आणि विंच तशीच. ट्रेलर मागे घ्यायचा, बोटीचा मागचा भाग पाण्यात गेला की मग साखळी, सगळ्यात शेवटी विंचचा हूक. मागच्याने हॉर्न वाजवला तरी हाच क्रम.

परतताना बूच काढूनच रस्त्यावर या. मिशिगनमध्ये 2019 पासून तसा कायदाच आहे, एका तळ्यातले शिंपले नि गवत दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. बुचाला एक दोरी बांधून ती नाळेच्या साखळीच्या शॅकलला अडकवत जा. पुढच्या वेळी साखळी सोडायला गेलात आणि बूच तिथेच लटकताना दिसलं, तर बोट अजून पाण्यात ढकलायची नाही.

निघाल्यावर पहिल्या दहा मैलांत एकदा थांबून सगळे पट्टे हाताने दाबून बघा, नवे पट्टे सुरुवातीला थोडे ढिले पडतातच. आणि जमलं तर खांबाच्या बुडाचा, यू बोल्ट दिसतील असा, जवळून फोटो टाका. ते बघितल्याशिवाय हा ट्रेलर आय-94 हायवेवर न्या असं मी म्हणणार नाही.